कुलूप लावलेला स्वाध्याय

"आमच्या पोरी स्वतःहून अभ्यासच करत नाहीत हो," एका कॉलेजातल्या बाई परवा मला म्हणाल्या. मी भाचीच्या कामासाठी गेले होते. ती इंग्रजीत एम.ए. करतेय, रोज खेड्यातनं बसनं बेळगावला जाते-येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. लिहिते छान, पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते.

बाईंनी मला लँग्वेज लॅब दाखवली, म्हणजे बाहेरून. दारावर पाटी 'स्वयं-अध्ययन केंद्र' आणि खाली कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा बँकेत गेलेले. खिडकीतनं संगणकांची रांग दिसली, सगळ्यांवर प्लास्टिकची कव्हरं. नॅकची समिती यायची असली की कव्हरं निघतात, असं भाचीनं नंतर हसत हसत सांगितलं. मी विचारलं, "इथं बसल्यावर सुरुवात कुठनं करायची, हे पोरींना कोण सांगतं?" त्या म्हणाल्या, "सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे. ज्याचं त्यानं शिकायचं, हीच तर कल्पना आहे."

नाही बाई, ही कल्पना नव्हे. भाचीच्याच पुस्तकांतनं मी वाचलंय. फ्रान्समध्ये नान्सी विद्यापीठात इव्ह शालॉन यांनी या विचाराला तोंड फोडलं. १९७२ साली ते वारले, मग हेन्री होलेक यांनी ते काम पुढं नेलं. मोठ्या माणसांसाठी तिथं कॅसेटी, छापील मजकूर ठेवला, पण त्याच्याबरोबर सल्ला द्यायला माणूसही ठेवला. होलेक यांचं १९८१ सालचं पुस्तक साफ सांगतं, की स्वतःच्या शिकण्याची सूत्रं स्वतःच्या हाती घेणं ही उपजत गोष्ट नाही, ती कमवावी लागते. म्हणजे एकटीनं शिकायचं कसं, हेही आधी शिकावं लागतं. आपण त्यातली कॅसेट तेवढी उचलली आणि माणूस तिकडंच ठेवला.

जपानात चिबा इथं कांदा नावाचं विद्यापीठ आहे. (हसू नका, टोकियोतल्या एका भागाचं ते नाव.) २००१ साली तिथं असं केंद्र निघालं. तिथले सल्लागार सल्ला देताना वर्गात शिकवतात तसं शिकवत नाहीत. मुलीला समोर बसवून विचारतात, तुला इंग्रजी कशासाठी हवं, काय जमतं, काय अडतं? मग तिचा बेत तीच ठरवते, काय केलं ते लिहून आणते आणि त्यावर पुन्हा बोलणं होतं. गप्पा मारत बोलायचा सरावही करता येतो. आपल्याकडं मात्र यंत्राला विचारायचं, आणि यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

खरं तर हे आपल्याला कुणी फ्रान्सातनं सांगायला नको. स्वाध्याय हा शब्द आपल्या घरातला. तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच प्रकार दिलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. वाचनेच्या पाठोपाठ पृच्छना, म्हणजे विचारणं. ज्या स्वाध्यायात विचारायला कुणी नाही, त्याला स्वाध्याय म्हणायचं कसं?

पण सगळा दोष कॉलेजच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. बायांनो, जरा आपल्याकडंही बघू. भाचीनं एकदा हट्टानं किल्ली मिळवली. तास संपल्यावर, चारनंतर लॅब मिळेल म्हणाले. माझी वहिनी म्हणाली, साडेचारची बस चुकवायची नाही, अंधार व्हायच्या आत जेवण उरकायचंय, कणीक कोण मळणार? आणि तेव्हा तिथंच बसून मीही मान हलवली. तिच्या भावाला मात्र क्लासला रात्री आठपर्यंत सूट, त्याचं ताट झाकून ठेवायचं. पोरगी स्वतःहून शिकत नाही, असं म्हणणाऱ्यांत आपणही आलो. तिला दिवसातला एक तास तिच्या नावावर कधी लिहून दिलाय का आपण?

मी गाइडं पाठ करून बी.ए. झाले. इंग्रजीत पास झाले, तेही चांगल्या मार्कांनी. आज बँकेत साहेब इंग्रजीत काही बोलले की मी हसते आणि यांच्याकडं बघते. तीस वर्षं झाली या हसण्याला. भाचीनं हे बघितलंय. परवा तिनं विचारलं, "आत्या, मी पण असंच हसायचं काय?"

मी वहिनीला फोन करून सांगितलं, पोरगी आता सहाच्या बसनं येईल, तिचं ताट झाकून ठेव. अंधार पडायच्या आत पोचली नाही, तर डबा मी कॉलेजात पाठवते. वहिनी फुगलीय. फुगू दे. किल्लीसाठी प्राचार्यांना अर्ज लिहिलाय, मराठीतनं. सोमवारी मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि त्या खोलीत विचारायला कोण बसणार, हे लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही.