कुत्रे रात्री कुठे असते?

कन्नड, सोयगाव, खुलताबादकडच्या शेतवस्त्यांवर लसीकरणाला गेलो की दारातले कुत्रे आधी अंगावर येते. मालक साखळी ओढून धरतो, आपण शेळ्यांना लस टोचतो, नोंद करतो आणि निघतो. ते कुत्रे रात्री कुठे असते, हे विचारायचे राहून जाते. पशुवैद्यक मित्रहो, आपल्या कामात आता हा प्रश्नही धरायला हवा.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले, पण बिबट्याला ती हद्द ठाऊक नाही. ऊस, मका, नाल्याकाठची झुडपे त्याला लपायला पुरतात. डिसेंबर २०१९ मध्ये तर तो थेट छत्रपती संभाजीनगर शहरातल्या सिडकोच्या एन-१ भागात पकडला गेला.

तो खातो काय? डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, वजनाच्या हिशेबाने त्याच्या भक्ष्यात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळ्या दिवसा राखणीखाली असतात आणि रात्री कोंडलेल्या. कुत्री मोकळी फिरतात. रात्री दार लावण्याने किती फरक पडतो, याचा याहून स्पष्ट पुरावा आपल्याला नको.

अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याची स्थिती सर्वांत वाईट. त्याला पळता येत नाही की झुंजता येत नाही. राखणीसाठीच पाळले आहे, असे मालक म्हणेल. भुंकून घरच्यांना जागे करणे आतूनही जमते, हे त्याला पटवून द्या. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो; तो चांगलाच, पण बंद खोलीची जागा तो घेऊ शकत नाही.

गोठा पाहताना आधी वर पाहा. दार भक्कम असते, भिंत पक्की असते, आणि पत्रा व भिंतीमध्ये मोकळी जागा सोडलेली असते, वारा खेळावा म्हणून. बिबट्या तिथूनच उतरतो. एकदा आत शिरला की कोंडलेल्या शेळ्या सैरावैरा धावतात आणि तो एकीवर थांबत नाही. वारा हवाच, म्हणून ती जागा बुजवू नका, तिथे जाड तारेची वेल्डिंगची जाळी ठोकायला सांगा. खुराड्यालाही तीच. कोंबड्यांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, रानमांजराला किंवा मुंगसाला अडवत नाही.

हल्ल्यातून वाचलेले जनावर आले तर वरच्या छिद्रावर जाऊ नका. केस भादरा, जखम खोलवर धुवा, टाके घालून बंद करू नका, आणि रेबीजची लस विसरू नका. मेलेल्या शेळीचा गळा आधी पाहा. सुळ्यांच्या खोल खुणा गळ्यावर असतील तर बिबट्याचा संशय घ्यावा. मागचे पाय आणि मांड्या फाटलेल्या असतील तर बहुधा मोकाट कुत्री. पंचनाम्यात आपल्या या निरीक्षणावरच मालकाची भरपाई अडते किंवा सुटते, तेव्हा जागा सोडण्यापूर्वी ते लिहून द्या. वनविभागाला कळवायचा क्रमांक १९२६ आहे.

पावसाळ्यापूर्वीच्या आंत्रविषाराच्या लसीकरणाला प्रत्येक वस्तीवर जाणे होतेच. या फेरीत गोठ्याचे छत आणि कुत्र्याची रात्रीची जागा पाहून घ्यावी.