तांब्याच्या हंड्यातलं पाणी

आमच्या घरात पाच प्रकारचं पाणी आहे. पहिलं नळाचं, चार-पाच दिवसांतून एकदा येणारं. दुसरं परड्यातल्या विहिरीचं, ते धुण्याभांड्याला. तिसरं स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं. चौथं माझ्या आईच्या हंड्यातलं. हंडा तांब्याचा, तिच्या लग्नात आलेला, आणि ती गेल्यावरही रोज रात्री न चुकता भरला जाणारा. पाचवं पाणी चिरंजीवांचं. ते निळ्या कॅनमध्ये असतं आणि त्याच्या जागी दुसरं कुठलंही पाणी वापरायचं नाही, असा घरात नियम आहे. हा नियम माझ्यामुळे करावा लागला.

चिरंजीव पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, सायन्सला. मी एम. ए. वाला. त्यामुळे घरात माझ्या शास्त्रीय ज्ञानाला आधीच बेताची किंमत होती. एसएसएलसीला बरे मार्क पडले तेव्हा काय हवं विचारलं, तर मोबाईल मागेल असं वाटलं होतं. यानं समुद्र मागितला. म्हणजे दीड फूट लांब, फूटभर रुंद काचेची टाकी, आत पंचेचाळीसेक लिटर खारं पाणी, सच्छिद्र खडक, संगोपन केंद्रात जन्मलेली क्लाउनफिशची जोडी, चार गोगलगायी, लाल अंगावर पांढरा पट्टा असलेली एक कोळंबी आणि खडकाला चिकटलेली 'बटणं'. ही बटणं म्हणजे पोवळ्यांचे मऊ भाऊबंद. (त्यांच्यातल्या काही जातींत जहाल विष असतं. म्हणून तो हातमोजे घालतो आणि असला खडक उकळायचा नाही हे त्यानं सर्वांना बजावून ठेवलं आहे.) खरं, कठीण पोवळं, आमच्या सासूबाईंच्या भाषेत हवळ, त्यानं आणलेलं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली ते घातलं गेलं आणि वाघाच्या पंगतीला बसलं. ते बघायचं तर समुद्रात बघावं. आपल्याला ते दूरही नाही. एका बाजूला मालवण, जिथं १९८७ साली सागरी अभयारण्य झालं, दुसऱ्या बाजूला मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट.

टाकी आली तेव्हा मीठही आलं. साधं मीठ चालत नाही. समुद्रात मिठाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकी पुष्कळ काही असतं, म्हणून खास तयार मिश्रण मिळतं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. पाणी कुठलं वापरायचं हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात आलाच नाही. नळ उघडला, बादली भरली. दुकानदारानं 'अँटी-क्लोरीन'ची बाटली दिली होती, तिचे थेंब टाकले. हे औषध म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओत 'हायपो' म्हणून जे असायचं तेच. क्लोरीन ते चुटकीसरशी मारतं. तेवढं झालं की पाणी शुद्ध, अशी आम्हा दोघांची समजूत.

तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी साय धरली. पुसली, पुन्हा आली. मग खडकांवर हिरवे केस उगवले, मारुतीच्या शेपटीसारखे वाढतच गेले. बटणं त्यांच्याखाली मिटून बसली. चिरंजीव जुन्या टूथब्रशनं खडक घासायचा आणि मी 'टाकी विकून टाक' म्हणायचो.

क्लोरीन हा नळाच्या पाण्यातला एकच पाहुणा आहे, हे आम्हाला उशिरा कळलं. तो तर आपल्या भल्यासाठीच येतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे नळापर्यंत आलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असायला हवा. नसला तर वाटेत फुटक्या पाइपातून काय शिरलं ते कोण मारणार? पावसाळ्यात राकसकोपला गढूळ पाणी येतं, नळाला औषधाचा वास वाढतो, आपण नाक मुरडतो, पण तो वास म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण. फक्त हा पहारेकरी आपला आणि परका ओळखत नाही. टाकीतला खडक सूक्ष्म जिवाणूंनी भरलेला असतो. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. क्लोरीन त्यांनाही मारतो आणि माशांचे कल्लेही जाळतो.

क्लोरीन गेला तरी बाकीचे पाहुणे तसेच राहतात. सिलिकेट असेल तर ती तपकिरी साय. नायट्रेट आणि फॉस्फेट असेल तर हिरवे केस. हे पाणी खराब असतं असं अजिबात नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत माणसाला चालतं, असं तेच मानक सांगतं. पण प्रवाळाच्या समुद्रात त्याचा जेमतेम मागमूस असतो, आणि अशी टाकी ठेवणारे आकडा दहाच्या आत राहावा म्हणून धडपडतात. आपल्याला उत्तम ते त्यांना घाण. शेवाळाला मात्र मेजवानी.

आणि टाकी जितकी लहान, तितका हिशोब कडक. टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ उडत नाही. हे मला पुस्तकातून कळत नव्हतं. धारवाडच्या आमच्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं, "सारु बत्तिदर उप्पु होगतदेनु?" सार आटलं म्हणून मीठ कुठं जातं? म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारं नव्हे, गोडं पाणी घालायचं. आता ते गोडं पाणी नळाचं असेल, तर त्यातलं जे जे आहे तेही मिठासारखंच मागे राहतं. आज चिमूटभर, उद्या चिमूटभर. सहा महिन्यांत टाकीत काय साठलं असेल ते बघा.

मग घरात टीडीएस मीटर आला. पेनाएवढं यंत्र, पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या पदार्थांचा आकडा दाखवतं. चिरंजीवांनी त्या संध्याकाळी घरातलं प्रत्येक पाणी मोजलं. नळाचं नव्वदच्या आसपास. पश्चिमेकडच्या पावसाचं पाणी, मुळात मृदू. विहिरीचं चारशेच्या वर, म्हणजे तो विषयच संपला. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं चाळीस. हा मात्र सर्वांना धक्का होता, कारण 'आरओ' म्हणजे शून्य अशी आमची समजूत. अशा बऱ्याच फिल्टरमध्ये पाणी बेचव लागू नये म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा खनिजं घालतात. माणसासाठी ठीकच आहे ते. प्रवाळाच्या टाकीसाठी वेगळी आरओची जोडणी लागते आणि तिच्यापुढे रेझिनची नळी, उरलंसुरलं शोषून घेणारी. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. तशी जोडणी आम्ही केली, हळूहळू केस झडले, बटणं उघडली. कोळंबी तर बोटावर येऊन नखं साफ करायला लागली.

एवढं सगळं मला माहीत होतं. आणि तरीही पुढचं झालं.

मे महिन्यात चिरंजीव एनसीसीच्या दहा दिवसांच्या कॅम्पला गेला. जाताना दहा बाटल्या भरून ठेवल्या. "पप्पा, रोज एक. काचेवरच्या रेघेपर्यंत." पण त्या दिवसांत उकाडा होता, टाकीवरचा छोटा पंखा दिवसभर फिरत होता, आणि एका बाटलीनं पाणी रेघेला लागेना. मी दोन-दोन घातल्या. पाचव्या दिवशी बाटल्या संपल्या. जोडणी चालवायची तर नळाला पाणी नव्हतं, टाकीचा तळ दिसत होता. मी विचार केला. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी कुठलं? रात्रभर हंड्यात राहिलेलं, म्हणजे क्लोरीनही उडालेलं, आणि वर तांब्याचा गुण. खात्री करावी म्हणून मीटरही बुडवला. नव्वदच. नळाएवढंच. पाच दिवस दोन-दोन लिटर घातलं.

कॅम्पमध्ये संध्याकाळी थोडा वेळ फोन मिळायचा. सहाव्या दिवशी त्यानं विचारलं, "बाटल्या पुरताहेत ना?" मी म्हणालो, "हो, सगळं ठीक आहे. तू काळजी करू नको." पोराच्या डोक्याला कशाला ताप, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच की पाच दिवसांत दहा बाटल्या संपवल्या, हे कबूल करायची लाज वाटली.

आठव्या दिवशी कोळंबी बोटावर आली नाही. नवव्या दिवशी ती वाळूवर आडवी होती. गोगलगायी काचेवरून खाली पडलेल्या, बटणं घट्ट मिटलेली. मासे मात्र मजेत पोहत होते, आणि त्यांच्याकडे बघून मी स्वतःची समजूत घालत होतो.

तो आला, बॅगही न ठेवता टाकीसमोर बसला. "कुठलं पाणी घातलं?"

"हंड्यातलं."

"अज्जीच्या?" आमच्या घरात अज्जी वेगळी आणि आजी वेगळी.

"आजीच्या."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फोनवर का नाही सांगितलं? फिल्टरचं घाला म्हटलं असतं. नाहीतर दोन दिवस तसंच राहू द्या म्हटलं असतं." कोळंबीबद्दल एक शब्द नाही.

तांब्याची गंमत अशी की कोळंबीला ते लागतंच. आपल्या रक्तात लोह तसं तिच्या रक्तात तांबं, त्यावरच ती प्राणवायू वाहून नेते. पण लागतं ते अगदी कणभर. त्याहून थोडंसं वाढलं की कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळेच कोसळतात. मासे बरंच सोसतात. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पडले की तांब्याचंच औषध देतात, फक्त वेगळ्या टाकीत. माणसाची गोष्ट निराळी. मानकाप्रमाणे लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेता येतं, त्याच्या एका छोट्या अंशानं टाकी उजाड होते. आणि मीटरला हे दिसत नाही. तो सगळ्यांची मिळून बेरीज दाखवतो, त्यात कोण कोण आहे ते सांगत नाही. नव्वदमधला तो कण त्याच्या हिशोबातच येत नाही. कोळंबीचं शवविच्छेदन कुणी करत नाही, त्यामुळे दोष तांब्याचाच, असं कोर्टात सिद्ध करता येणार नाही. पण घरात निकाल लागला. हल्ली तांब्याचा गुण देणारे फिल्टरही निघाले आहेत. ज्यांच्याकडे असतील आणि मुलांना अशा टाकीचा नाद असेल, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

त्यानं निम्मं पाणी बदललं, कोळशाची पिशवी टाकली, पुन्हा बदललं. तांबं खडकात मुरतं आणि हळूहळू सुटत राहतं, म्हणून नवी कोळंबी लगेच आणायची नव्हती.

या सगळ्यात सासूबाईंचा एक प्रश्न बाकी आहे. जोडणीतून एक लिटर चांगलं निघताना तीनेक लिटर वाया जातं. आठवड्याला आम्हाला बारा-पंधरा लिटर लागतं, म्हणजे चाळीसेक लिटर बाहेर. गल्लीत टँकरभोवती घागरींची रांग लागलेली असताना हे शोभतं का? "मीनिगे इष्ट छलो नीरा?" असं त्या विचारतात, तेव्हा मी गप्प बसतो. टाकाऊ पाणी आता बादलीत धरतो, त्यात फरशी पुसली जाते, तुळस आणि जास्वंद निभावते. पण उत्तर म्हणून ते मला पुरेसं वाटत नाही. पावसाळ्यात थोडी सुटका झाली. पहिल्या सरी जाऊ देऊन, पत्र्यावरून नव्हे तर उघड्या आभाळाखाली स्वच्छ प्लास्टिकचा टब ठेवला. पत्र्याचं जस्तही पाण्यात उतरतं. टबातल्या पाण्याचा आकडा आठ आला. तेच रेझिनच्या नळीतून सोडलं की आरओ चालवायचीच गरज नाही. दोन महिने जोडणी जवळजवळ बंद होती.

बटणांपैकी निम्मी उघडली, निम्मी गेली. गेल्या आठवड्यात नवी कोळंबी आली. पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंब-थेंब मिसळत तो दीड तास बसला होता. मी शेजारी स्टुलावर. नळीची गाठ सैल झाली की आवळायचं काम माझ्याकडे होतं.

कॅनवर आता दोन चिठ्ठ्या आहेत, एक मराठीत माझ्यासाठी, एक कन्नडमध्ये अज्जीसाठी. परवा रात्री हंडा भरताना सासूबाईंनी विचारलं, हे तरी आम्ही प्यायचं ना? प्या म्हटलं, ते तुमचंच आहे.