नायलॉन द्या एक बंडल!

शीर्षक वाचून हे पान लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या हार्डवेअरवाल्याने स्पॉन्सर केलंय असं वाटेल. तसं काही नाही. संपादक मंडळाचं म्हणणं होतं की पाऊस, प्रेम आणि प्लेसमेंट सोडून कशावरही लिही. पाऊस सोडायचा म्हटल्यावर मला पूर आठवला, आणि पूर आठवला की मला दोर आठवतो.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर गेली की धोका, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ असतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्या वर गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी नववीत होतो. आमची आजी आणि गल्लीतली आणखी अकरा माणसं एका दुमजली घराच्या माडीवर अडकलेली. गावात नाव एकच. दिवसभर ती माणसं काढत होती आणि अंधार पडल्यावर देवळाच्या खांबाला बांधून ठेवली होती, सकाळी पहिली खेप माडीवरच्या लोकांची म्हणून. सकाळी बघतो तर खांबाला दोन हात पिवळा दोर लोंबतोय आणि नाव गायब! ती दीड दिवसानं खालच्या अंगाला उसात सापडली. तोवर माडीवर बारा माणसं, एक डबा चिरमुरे आणि पाण्याची एक कळशी. सगळे सुखरूप निघाले, म्हणून आज मी हे हसत लिहू शकतो. आजी मात्र त्या रात्रीबद्दल अजून बोलत नाही.

तुटका दोर हातात घेऊन काका म्हणाले, "प्लास्टिक हाय लेका हे. नायलॉन आणाय पाहिजे होतं." सगळ्या गावाचं तेच मत पडलं. पुढच्या पावसाळ्याआधी नायलॉन आलं. पांढरंशुभ्र, जाडजूड, मजबूत. २०२१ च्या जुलैत माझा चुलतभाऊ म्हशी सोडवायला गेला आणि ओढ्याच्या धारेत सापडला. नावेतून त्याच्याकडे तोच नवा दोर फेकला. अंदाज चुकला नव्हता, दोर त्याच्या पुढ्यात हातभरावर पडला. पण पडला तो बुडाला! गढूळ पाण्यात त्याला तो दिसलाच नाही. पुढे एका विजेच्या खांबाला मिठी मारून बसला म्हणून वाचला. (लाईट बंद होती, हे आमचं नशीब.)

म्हणजे पहिल्यांदा दोर कच्चा होता म्हणून फसलो आणि दुसऱ्यांदा दोर पक्का असूनही फसलो. माझी तक्रार इथंच सुरू होते. आपण दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतो, "मजबूत आहे ना?" हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी मजबूत? बांधायला, ओढायला, का फेकायला?

आधी बाजाराची गंमत सांगतो. मागच्या मे महिन्यात मी चार दुकानं फिरलो. "काय पाहिजे पावणं?" "नावेसाठी दोर." "नायलॉन घेऊन जावा की!" चारही ठिकाणी हेच उत्तर, आणि चारही ठिकाणी समोर आलेला माल वेगवेगळा. आपल्याकडे जे सुतळी नाही आणि काथ्या नाही, ते सगळं नायलॉन. मी प्रत्येकाचा वीतभर तुकडा घेतला आणि हॉस्टेलच्या बादलीत टाकला. दोन तरंगले, दोन बुडाले. तरंगणारे पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचे, कारण त्याची घनता ०.९१, पाण्यापेक्षा कमी. नायलॉनची १.१४ आणि पॉलिस्टरची १.३८, त्यामुळे ते दोन्ही तळाला. नंतर टोकं पेटवून पाहिली. तरंगणाऱ्याला मेणबत्तीसारखा वास आला. (आणि रेक्टरांना वेगळाच वास आला, पण तो विषय इथे नको.) एक बादली पाणी आणि एक काडेपेटी, एवढ्यात निम्मा निकाल लागतो. यासाठी इंजिनिअरिंगला यायचीसुद्धा गरज नाही.

आता कुठला कशाला? फेकायचा दोर तरंगणाराच हवा, यात वाद नको. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला गेलो होतो, तिथे गाईडच्या हाताशी एक छोटी पिशवी होती. तिला थ्रो बॅग म्हणतात. आत भडक रंगाचा तरंगणारा दोर नुसता कोंबून भरलेला. एक टोक आपल्या हातात ठेवायचं आणि पिशवी फेकायची, दोर आपोआप सुटत जातो. लांबी साधारण १५ ते २० मीटर, कारण त्यापुढे आपल्याला फेकताच येत नाही. जाडी ८ ते १० मिलिमीटर. त्याहून बारीक घेतला तर ओल्या हातात रुततो आणि माणूस दोर सोडून देतो. कयाकवाले लोक हे सोबत घेतल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. आमच्या गावच्या नावेत शंभर फूट दोराचं भेंडोळं असतं, गाठी पडलेलं, आणि त्याच्यावर डिझेलचा कॅन.

नांगर टाकायला किंवा दुसरी नाव ओढायला नायलॉन चांगलं, कारण ते ताणतं. हिसका बसला की रबरासारखं थोडं लांबतं आणि धक्का गिळतं. शिवाय बुडत असल्यामुळे मोटारीच्या पंख्यात अडकायची भीती कमी. भिजल्यावर त्याची ताकद १०-१५ टक्के कमी होते, हे धरूनच जाडी घ्यायची. पण ताणलेलं नायलॉन तुटलं तर चाबकासारखं मागे येतं, म्हणून ओढताना दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. पॉलिस्टर कमी ताणतं आणि उन्हाला चांगलं तोंड देतं, त्यामुळे नाव कायमची बांधून ठेवायला ते बरं. महाग आहे, हे मान्य. पण नावेच्या आणि मोटारीच्या किमतीपुढे दोराची किंमत म्हणजे जेवणात मीठ. आणि आपण नेमकी मिठातच काटकसर करतो.

असो. आता थोडं मेकॅनिक्स. (फर्स्ट इयरला ज्यांना केटी लागली त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मलाही लागली होती.) आमची नाव का सुटली याचा हिशोब मी मागच्या वर्षी केला. नाव बांधली होती मधल्या आडव्या फळीला, त्यामुळे ती प्रवाहाला आडवी झाली. लांबी ४ मीटर, पाण्यात बुडालेली खोली ०.३ मीटर, म्हणजे पाण्याला अडवणारं क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर. प्रवाहाचा वेग सेकंदाला ३ मीटर धरा, आणि ड्रॅगचा गुणांक १. जोर येतो ५४०० न्यूटन, म्हणजे जवळपास ५५० किलो. तीच नाव पुढच्या टोकाला बांधली असती, तर पाण्यासमोर फक्त रुंदी आली असती, १.२ मीटर, आणि टोक निमुळतं असल्यामुळे गुणांक ०.४ च्या आसपास. जोर भरतो साधारण ६५ किलो. एका गाठीच्या जागेचा फरक आठपटीहून जास्त! आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून संध्याकाळी टिकलेला दोर रात्री पाणी वाढल्यावर टिकेलच असं नाही.

आता दोराची बाजू बघा. १० मिलिमीटरचा नवा, तीन पदरी पॉलिप्रॉपिलीन दोर साधारण दीड टनाला तुटतो. ५५० किलोला तो तुटायला नको होता. पण गाठ मारली की दोराची ३० ते ४० टक्के ताकद तिथेच जाते. राहिले नऊशे-हजार किलो. आणि तो दोर कुठे होता? दोन वर्षं ट्रॉलीवर कडबा आवळायला आणि उरलेला वेळ पत्र्यावर उन्हात. ऊन पॉलिप्रॉपिलीनला खातं. निम्मी ताकद गेली असं धरलं तरी आकडा ५५० च्या खाली येतो. दोर तुटणारच होता, फक्त तारीख ठरायची होती.

आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ही म्हण माणसाच्या अहंकारावर आहे, पण प्लास्टिकच्या दोराला तंतोतंत लागू पडते. ताकद गेली तरी पीळ तसाच, रंग थोडा उडालेला, बाकी दिसायला ठणठणीत. जुन्या काळी वाखाचे, काथ्याचे दोर कुजायचे आणि कुजलेले डोळ्याला दिसायचे, हाताला लागायचे, म्हणून लोक वेळेवर बदलायचे. मोटेच्या नाड्यावर शेतकऱ्याचं रोज लक्ष असायचं. प्लास्टिकने आपली ती सवय घालवली. खरं तर त्याचंही वय कळतं: पीळ उलगडून आतला रंग बघा, अंगठा घासून पांढरी भुकटी निघते का बघा, कुसळासारखे तंतू टोचतात का बघा. पण बघतो कोण?

आणखी एक गोष्ट, जी आमच्या गावात हुशारी समजली जाते. पाण्यावर या काठापासून त्या काठापर्यंत दोर "टाइट" बांधायचा आणि तो धरत धरत नाव न्यायची. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी आठवा. जितकी ताणून बांधाल तितका खिळा लवकर उपटतो. ४० मीटरचा दोर असा ताणला की मधोमध फक्त २ मीटर झोळ पडतो. नाव आडवी होऊन तिथे ५५० किलोचा जोर आला, तर दोरात ताण येतो पावणेतीन टन! झोळ ८ मीटर ठेवला तर तोच ताण साडेसातशे किलोच्या आत. जाणते लोक दोर समोरासमोर बांधतच नाहीत, प्रवाहाबरोबर तिरका बांधतात, म्हणजे पाणीच नावेला पलीकडे ढकलतं. हा फर्स्ट इयरच्या पेपरातला पाच मार्कांचा प्रश्न आहे. आम्ही तो पेपरात सोडवतो आणि पुरात विसरतो.

आणि कृपा करून कमरेला दोर बांधून वाहत्या पाण्यात उतरू नका. सिनेमात हिरो उतरतो. खऱ्या पाण्यात दोर ताणला गेला की प्रवाह माणसाला खाली दाबतो, आणि वरून माणसं "ओढा, ओढा" म्हणून आणखी ताणतात. ओल्या, ताणलेल्या गाठी हाताने सुटत नाहीत. बचाव पथकं दोर बांधतात तो एका ओढीत सुटणाऱ्या खास जॅकेटला. आमच्याकडे दर पुराला एक तरी तरणा पोरगा कमरेला कासरा बांधून फोटो काढतो आणि आम्ही "नाद खुळा" म्हणतो.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली आणि माणसं गेली. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्या घटनेचा दोराशी संबंध नव्हता, तसा लावायचाही नाही. पण त्यानंतर आमच्या भागात नावेत किती माणसं बसली हे लोक मोजायला लागले, लाईफ जॅकेट आहे का हे विचारायला लागले. बदल होतो, पण त्यासाठी कुणी तरी जावं लागतं का? दोराच्या बाबतीत आपण कशाची वाट बघतोय?

आता मुद्द्याचं. आपल्या कॉलेजच्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियलच्या लॅबमध्ये यूटीएम आहे. वर्षभर त्यावर माइल्ड स्टीलची तीच सळई तुटते, तोच ग्राफ येतो, तोच जर्नलमध्ये उतरतो. (काही जर्नलमध्ये सळई न तोडताच येतो.) मे महिन्यात ती मशीन मोकळी असते. चिखली-आंबेवाडीपासून नृसिंहवाडी-कुरुंदवाडपर्यंत ज्या ज्या गावात नाव आहे, त्या गावांचे दोर पावसाळ्याआधी आपण तोडून बघावेत आणि निकाल एका कागदावर मराठीत लिहून गावाला द्यावा, असं माझं म्हणणं आहे. दोर अमुक किलोला तुटला, सबब बदला किंवा ठेवा. चांगल्या दोरासाठी परदेशात जायची गरजही नाही, वाईला आणि पुण्याला गरवारेंचे दोर बनतात, मासेमारीच्या बोटींवर जातात.

हे मी लॅबच्या सरांना सांगितलं. सर हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "दोर त्या जबड्यात घसरतो. सळईसारखा धरता येत नाही. रिळासारख्या गोल ठोकळ्यावर तीन-चार वेढे देऊन धरावा लागेल, म्हणजे गाठ न मारता ताण बसेल. आणि तुटल्यावर उडणार, तर पुढे जाळी पाहिजे. ड्रॉईंग काढून आण, वर्कशॉपमध्ये बघू." ड्रॉईंग चालू आहे. ठोकळ्याचा व्यास किती घ्यावा यावर माझा आणि माझ्या रूममेटचा आठवडाभर वाद चाललाय.

तोवर एक काम तुमच्याकडे. पूरग्रस्त गावातले जे जे आहात, त्यांनी सुट्टीला गेल्यावर आपल्या नावेचा पाच मीटर दोर कापून आणा. कोपऱ्यातला कोरा नको. जिथं रोज गाठ मारता आणि जो उन्हात पडलेला असतो, तो तुकडा हवा. चिठ्ठीवर गावाचं नाव आणि दोर कधी घेतला ते वर्ष लिहा. आमच्या गावचा पिवळा तुकडा काकांनी अजून जपून ठेवलाय. पहिला नंबर त्याचा.