सात फोनांना एकच उत्तर



गेल्या रविवारपासून मला सात फोन आले. सगळे इथल्याच, लश्करातल्या आपल्या घरांमधून. दोघे तर माझे शाळासोबती. मागणी एकच : आमच्या वहिनींच्या नातीने यूट्यूबवर जी मालिका चालवली आहे, तिचा सहावा भाग मी काढायला लावावा. "तुम्ही घरातले वडीलधारे, तुमचं ऐकेल ती." सातजणांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो. जरा लांबेल, पण वाचा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुलगी दर शुक्रवारी आपल्या ग्वाल्हेरी मराठीत, अधेमधे हिंदी येतं तसंच, घरातल्या एका बाईला बोलतं करते. बारा-पंधरा मिनिटं, स्वयंपाकघरात बसून. सहाव्या भागात माझ्या वहिनी आहेत, वय 81. माझे थोरले बंधू 1979 साली गेले, तेव्हा त्या 35 वर्षांच्या होत्या. त्या सांगतात, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ मी करायचे, वाण मी आणायचे, सतरंज्या मी घालायचे. बायका यायला लागल्या की मला आत पाठवायचे. कोणी जा म्हणायचं नाही हो, मीच जायचे." हे सांगताना रडत नाहीत. भाजी निवडत सांगतात.

"घरातलं चव्हाट्यावर कशाला?" हा पहिला आक्षेप. अहो, कोणत्या घरातलं? त्या हळदीकुंकवाला आपल्या सगळ्यांच्या आया-बायका आमच्या दिवाणखान्यात बसलेल्या होत्या. वहिनी आत आहेत हे प्रत्येकीला ठाऊक होतं. मग गुपित फुटलं ते कोणाचं?

"लाईक आणि पैशासाठी चाललंय." मी 36 वर्षं बँकेत काढली, हिशोब मला सांगू नका. अशा लांब व्हिडिओंवर जाहिरातीचे पैसे मिळायला किमान 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तास बघणारे लागतात. पोरीचे सदस्य 312. त्यातले सात तुम्ही.

"महाराष्ट्रात असलं चालत नाही" असंही एकजण म्हणाले. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकी ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या जो महाराष्ट्र डब्यात घालून ठेवलाय, तो तिकडे कधीच बदलायला लागला.

आणि आपली सोय तरी पाहा. चित्रकूटला 2002 साली 'खबर लहरिया' निघाली. बायकांनी चालवलेला, बुंदेलीतला कागद, वार्ताहर बहुतेक दलित. पुढे त्या मोबाईल घेऊन व्हिडिओवर आल्या. त्यांच्यातल्या कविता देवी 'द कविता शो'मध्ये कॅमेऱ्यासमोर बसून जातीवर, बायकांवर, राजकारणावर स्वतःचं मत सांगतात. त्यांच्यावरच्या माहितीपटाला 2022 मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा इथेच टाळ्यांच्या चिन्हांची रांग लागली होती. मीही ठोकल्या. मी त्या भागात तीन वर्षं शाखेत होतो, ऐंशीच्या दशकात. बाई घुंघटातून अंगठा उठवायची, पासबुक नवऱ्याच्या खिशात आणि पैसे मोजायचा तोच. खातं मात्र तिच्या नावाचं. त्याच मुलखातल्या बायका आज सरपंचाला, ठाणेदाराला जाब विचारतात, हे मला साधं वाटत नाही. तर मग बांदा-चित्रकूटच्या बाईने तोंड उघडलं की क्रांती, आणि दाणाओळीतल्या बाईने उघडलं की बदनामी?

आता सातही जणांनी आडून सुचवलं ते बोलतो. नवव्या-दहाव्या मिनिटाला वहिनी म्हणतात, "भाऊजी बँकेत होते. ते कागद आणायचे, खूण केलेली असायची, तिथे मी सही करायचे. किती पैसे आहेत ते मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं." तो भाऊजी मी. म्हणून तुम्हाला वाटलं, म्हातारा चिडला असेल.

ते शब्दशः खरं आहे. बंधूंचा फंड, विम्याचे पैसे, एफडी, सगळं मीच पाहिलं. एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही, कागद अजून आहेत. पण वहिनींना पासबुक उघडून मी दाखवलं नाही. त्या मॅट्रिक झालेल्या, त्यांना आकडे कळत होते. परक्या गावात घुंघटातल्या बाईकडे पाहून हळहळणारा मी, सुटीत घरी आलो की वहिनींसमोर फॉर्म सरकवायचो, "इथे, आणि इथे." त्यांनी कधी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. विचारायचं म्हणजे काय, आतल्या खोलीतून?

हे मला माझ्या घरात कोणी 46 वर्षांत सांगितलं नव्हतं. मोबाईलवर बघून कळलं. त्या दिवशी संध्याकाळी वहिनींकडे गेलो, त्यांनी चहा दिला, दोघंही त्या विषयावर काही बोललो नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, राग नाही ना?" त्यांनी मला विचारावं! ऑडिटमध्ये निघालेली चूक खोडायला सांगणारे मॅनेजर मी पाहिलेत, त्यांच्यातला आठवा मी होणार नाही. भाग राहील.

पुढचा भाग आमच्या सौ.चा आहे. शूटिंगच्या वेळी मला भाजी आणायला पाठवलं होतं. काय बोलली ते सांगत नाही. शुक्रवारी तुमच्याबरोबरच कळेल. फोन करायचा तर नऊच्या आधी करा.