२५ नोव्हेंबरची अर्धी आठवण

२६ नोव्हेंबरला वसई-विरारच्या विहारांतून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते. आदल्या दिवसाची मात्र आम्हाला अर्धीच आठवण असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत समारोपाचे भाषण केले, हे आमची पोरेही सांगतात. पण १९८७ साली याच तारखेला श्रीलंकेत मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले, हे किती जणांना ठाऊक आहे?

मुंबईत जन्मलेला हा अधिकारी ८ महार पलटणीचा. शोधमोहिमेवरून परतताना रात्री लिट्टेने दबा धरून हल्ला केला. छातीत गोळी घुसली असताना परमेश्वरन यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते हुकूम देत राहिले. इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. त्याविरुद्ध बाबासाहेब झगडले, तेव्हा कुठे १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिचे एकमेव परमवीरचक्र ते हेच!

२९ जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना म्हणून गेलेले आपले सैन्य तिथे मार्च १९९० पर्यंत अडकले. सुमारे १,२०० जवान गेले. सैन्य परदेशी धाडायला संसदेची पूर्वसंमती घ्यावी, असे आपल्या कायद्यात कुठेच नाही. वकील म्हणून आम्हाला हे बोचते. निर्णय दिल्लीचा, तार मात्र खेड्यातल्या घरी.

सैन्य मद्रासला परतले तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांचा राग अकारण नव्हता. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळ्यांनी रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मेल्या. ते झाकून आम्हाला कोणाचाही जयजयकार करायचा नाही. पण जवानाला लंकेत जाण्याचा निर्णय कोणी विचारला होता?

श्रीलंकेने आपल्या संसदेजवळ या जवानांचे स्मारक बांधले. दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २०१९ साल उजाडले. आणि आम्ही? भीमा कोरेगावच्या स्तंभाला लाखोंनी मानवंदना देतो, परमेश्वरन यांचे नाव एकाही व्याख्यानात घेत नाही.

लंकेला निघालेल्या विजयाचे जहाज आधी सोपाऱ्याला लागले, अशी महावंसात कथा आहे. यंदा २५ तारखेच्या संध्याकाळी त्याच सोपाऱ्याच्या स्तूपापाशी जमू. लंकेला जाऊन आलेला एखादा निवृत्त जवान आपल्याच चाळीत असेल. त्याला शोधून आणा, पुढे बसवा. भाषणे आम्ही करणार नाही, त्यालाच बोलू द्या.