व्यायामाचा तास कोठें गेला?

गेल्या आषाढांत एके सायंकाळीं आमच्या डोंबिवलीच्या इमारतींत वीज गेली व लिफ्ट बंद पडली. आमचें बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. सहावींत शिकणारा आमचा पुतण्या दुसऱ्या मजल्यावर दप्तर टाकून धापा टाकीत बसला, आणि बहात्तर वर्षांच्या आमच्या मातोश्री त्याला ओलांडून वर आल्या. घरांत हंशा झाला. आम्हीही हंसलों, रात्रीं मात्र हिशेब मांडीत बसलों.

मार्च २०२० मध्यें कोरोनामुळें शाळा बंद झाल्या तेव्हां हा मुलगा पहिलींत जाण्याच्या बेतांत होता. शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडले. धाकट्यांना त्याहूनही थांबावें लागलें, आणि जानेवारी २०२२ मध्यें पुन्हां दारें लागलीं. धांवणें, चेंडू झेलणें, पडून उठणें हें ज्या वयांत अंगीं मुरतें तें वय असें गेलें. व्यायामाचा तास नव्हता असें नाहीं. तो पडद्यावर होता! शिक्षक तिकडून ‘एक-दोन’ म्हणत आणि आमचा विद्यार्थी पलंग व कपाट यांमधल्या चार हात जागेंत हात वर करी. उडी मारली कीं खालच्या बिऱ्हाडाची तक्रार येई.

१८९६ नंतरच्या प्लेगांत लोक घरें सोडून गांवाबाहेर झोंपड्यांत राहात. हाल पुष्कळ झाले, पण पोरें निदान उघड्यावर होतीं. या सांथीनें उलट केलें. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलांत तर २०२० सालीं रोग्यांच्या खाटा मांडाव्या लागल्या. त्यांत गैर कांहीं नव्हतें. आधीं प्राण, मग खेळ.

घरांत कोंडल्याचा परिणाम डोळ्यांवरही झाला. चीनमधील एका पाहणींत सहा वर्षांच्या मुलांत लघुदृष्टीचें प्रमाण आधींच्या पांच वर्षांत कधींही शेंकडा ५.७ च्या वर गेलेलें नव्हतें; तें २०२० मध्यें २१.५ आढळलें. अमेरिकेंत मुलांचें वजन वाढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झाला.

पण सारा दोष सांथीवर लादून आम्हांला मोकळें होतां येत नाहीं. शाळा उघडल्यावर ‘बुडालेला अभ्यास भरून काढा’ असा पालकांनीं धोशा लावला, आणि आठवड्याच्या दोन व्यायामाच्या तासांपैकीं एक गणितास द्यावा असा अर्ज शाळेकडे गेला. त्यावर आमचीही सही आहे. जागतिक आरोग्य संघटना पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी साठ मिनिटें दमदार हालचाल हवी म्हणते. आम्हीं आठवड्याच्या दोन तासांतलाही एक काढून घेतला! ठाण्यास सेंट्रल मैदान आहे, कल्याणास सुभाष मैदान आहे. पण ज्याची संध्याकाळ साडेआठपर्यंत शिकवणींत जाते त्याला तीं काय कामाचीं?

मातोश्रींनीं सायंकाळची एक शिकवणी बंद करण्याचा हुकूम सोडला. आमचे बंधू म्हणाले, “मार्क कमी आले तर?” वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. तो प्रश्न अजून घरांत मिटलेला नाहीं. तूर्त एवढेंच ठरलें आहे कीं सकाळीं आजीबरोबर दूध आणावयास जायचें, तेंही जिन्यानें. परवां स्वारी तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबतां आली. मातोश्री वर दार उघडून उभ्या होत्या.