वैमानिकाच्या जिवाचा हिशेब

१९६७ साली केपटाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात पहिले हृदयरोपण झाले, तेव्हा दाता आणि रुग्ण शेजारशेजारच्या दालनांत होते. आज या दोहोंमध्ये शेकडो मैलांचे अंतर असू शकते. काढलेले हृदय थंड पेटीत साधारणतः चार तास टिकते, फार तर सहा. मूत्रपिंडाला मात्र दिवसभराची सवड असते. या घाईचे ओझे अखेरीस ज्याच्या हाती येऊन पडते तो शल्यविशारद नव्हे, तर हेलिकॉप्टरचा वैमानिक. अवयवदानाच्या गौरवगाथांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

२६ डिसेंबर २०११ रोजी उजाडण्यापूर्वी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात जॅक्सनव्हिलहून गेन्सव्हिलकडे दात्याचे हृदय आणण्यासाठी एक हेलिकॉप्टर निघाले आणि वाटेत जंगलात कोसळले. वैमानिक, हृदयशल्यविशारद आणि तंत्रज्ञ असे तिघेही दगावले. अंधारात व खराब हवामानात केवळ दृष्टीच्या आधारे उड्डाण चालू ठेवण्याचा वैमानिकाचा निर्णय चुकला, असे चौकशी मंडळाने ठरविले. आणि खेप पुरी करण्याचे दडपण त्याने स्वतःच स्वतःवर घेतले होते, अशी पुस्तीही जोडली.

हे ‘स्वतःच’ मला पटत नाही. आपण न गेलो तर पलीकडचा माणूस मरेल, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे दडपण खाजगी कसे? ते व्यवस्थेने निर्माण केलेले असते. वर्गात सामाजिक खर्चाची कल्पना शिकविताना आम्ही कारखान्याच्या धुराचे उदाहरण देतो. लाभ एकाचा, भुर्दंड दुसऱ्याचा. येथे प्रकार तोच आहे, फक्त धूर दिसत नाही.

शिवाय ही निकड दरवेळी वाटते तितकी निर्वाणीची असतेच असे नाही. जून २००७ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या पथकाचे विमान फुप्फुसे घेऊन येताना मिशिगन सरोवरात पडले. सहा जण गेले, त्यांत दोघे वैमानिक. ज्या रुग्णासाठी ही धावपळ होती, त्याला काही दिवसांतच दुसरी फुप्फुसे मिळाली. अर्थात हे आधी कोणालाच सांगता आले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एका बाजूला रुग्णाचा निश्चित मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला वैमानिकाचा किरकोळ धोका, असा जो ताळेबंद मांडला जातो तो खरा नव्हे.

मग करावे काय? पहिला उपाय जवळजवळ फुकट आहे. वैमानिकाला रुग्णाविषयी काहीही सांगू नये. अमुक ठिकाणी, अमुक वेळी, या हवामानात जाता येईल काय, एवढेच विचारावे. रुग्णवाहू हेलिकॉप्टरांच्या अनेक सेवांनी ही रीत स्वीकारली आहे. अवयवाच्या खेपेत ती पाळणे अधिक अवघड, कारण पेटीच सारे सांगून टाकते. म्हणूनच नकाराचा अधिकार कागदावर असून भागत नाही, नकारानंतर पुढचे काम हातचे जाणार नाही याची हमी हवी.

दुसरा उपाय शल्यविशारदांना रुचत नाही. दात्याच्या गावीच तेथील कुशल सर्जनने अवयव काढला, तर केवळ पेटी प्रवास करील, पथक नव्हे. हृदय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ते स्वीकारण्यास अनेक डॉक्टर राजी नसतात. हा अविश्वास निराधार नाही, पण त्याचे मोल कोण देतो, हेही पाहावे. हृदय धडधडते ठेवून नेणारी यंत्रेही आता आली आहेत. त्यांनी वेळ वाढते, आणि खर्चही भरमसाट वाढतो.

आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानंतर अवयव प्रामुख्याने रस्त्यानेच जातात. पोलिस वाट मोकळी करून देतात. उद्या हेलिकॉप्टरांचा वापर वाढला, तर करारात भाड्याच्या दराबरोबर रात्रीचे उड्डाण, हवामानाची किमान मर्यादा आणि रद्द झालेल्या खेपेचे पैसे ही कलमे आधीच लिहिलेली असावीत. रद्द खेपेचे पैसे मिळत नाहीत तेथे वैमानिक उडतोच.